सहा नावांचे एक जहाज
‘कर्णिका’ची तीस वर्षे आणि खलाशांचे वेतन

घर विकले तरी त्याचा गाव बदलत नाही. जहाजाचे तसे नसते. जहाज विकले की त्याचे नाव बदलते, रंग बदलतो, मागे फडकणारा ध्वज बदलतो आणि पुष्कळदा त्यावर बोलली जाणारी भाषाही बदलते. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई बंदरातून ‘कर्णिका’ या नावाने एका भव्य पर्यटक जहाजाचा प्रवास सुरू झाला, तेव्हा गोवा व कोकणातील अनेकांना ते नवे जहाज वाटले असेल. वास्तविक ते त्याचे सहावे नाव होते. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच ते न्यायालयाच्या लिलावात विकले गेले आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी चढविण्यात आले.

गोमंतकात व कोकणात घरटी एखादा माणूस ‘बोटीवर’ आहे, अशी गावे आजही आहेत. त्या दृष्टीने या जहाजाचा इतिहास उद्‌बोधक ठरतो. मालक बदलत गेले, तरी जहाजावर राबणाऱ्या माणसाच्या घामाचा पैसा कोणाकडून आणि कशाच्या आधारावर वसूल व्हावयाचा, हा प्रश्न या इतिहासाच्या शेवटी उभा राहतो.

मोनफाल्कोने येथील जन्म

या जहाजाची मागणी ‘सिटमार’ नावाच्या कंपनीने नोंदविली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील स्थलांतरितांना ऑस्ट्रेलियात नेणाऱ्या ज्या कंपन्या होत्या, त्यांत सिटमारचे नाव ठळक होते. पुढे लोक विमानाने जाऊ लागले, तेव्हा याच कंपनीने सहलीच्या जलप्रवासाचा व्यवसाय वाढविला. नव्या जहाजांचे काम इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावरील मोनफाल्कोने येथील फिंकान्तिएरी या कारखान्याकडे सोपविण्यात आले. बाह्य रूपाची आखणी रेंझो पियानो या विख्यात इटालियन वास्तुशिल्पकाराने केली. पॅरिस येथील पाँपिदू केंद्राच्या दोन प्रमुख शिल्पकारांपैकी हे एक. जहाजाच्या पुढील भागाला त्यांनी डॉल्फिन माशाच्या डोक्यासारखी गोलाई दिली. त्यामुळे हे जहाज दुरूनही ओळखू येई.

जहाज बांधून पूर्ण होण्यापूर्वीच त्याचा मालक बदलला. १९८८ मध्ये ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ या कंपनीने सिटमार विकत घेतली. हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडची डाक व प्रवासी मुंबईस आणणारी ती हीच कंपनी. तिच्या बोटींवर कोकण व गुजरात किनाऱ्यावरील खलाशी डेकवर काम करीत, तर जेवणघर व खोल्यांची व्यवस्था बव्हंशी गोमंतकीयांकडे असे.

१९९० मध्ये जहाज तयार झाले व पी अँड ओच्या ‘प्रिन्सेस क्रूझेस’ या शाखेकडे आले. त्याचे नाव ‘क्राउन प्रिन्सेस’ असे ठेवण्यात आले आणि नामकरणाचा मान सुप्रसिद्ध अभिनेत्री सोफिया लॉरेन यांना मिळाला. लांबी सुमारे २४५ मीटर, रुंदी सुमारे ३२ मीटर व ग्रॉस टनेज सुमारे ७०,०००, अशी त्याची मापे होती. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे. जहाजातील बंदिस्त जागेच्या मोजणीवरून तो आकडा काढला जातो. रुंदीलाही कारण होते. पनामा कालव्याच्या जुन्या पाणकोठ्यांची रुंदी सुमारे ३३.५ मीटर होती. त्यातून पार होऊ शकेल इतकेच रुंद जहाज बांधण्याचा त्या काळी प्रघात होता. सुमारे दीड हजार प्रवाशांची सोय त्यावर करण्यात आली होती. १९९१ मध्ये त्याच बांधणीचे ‘रीगल प्रिन्सेस’ हे दुसरे जहाज तयार झाले.

जुने जहाज, नवा बाजार

मोठ्या कंपन्या आपले जुने जहाज एकदम मोडीत काढीत नाहीत. नवे, अधिक मोठे जहाज आले की जुने दुसऱ्या देशातील, दुसऱ्या नावाच्या शाखेकडे दिले जाते. १९९८ मध्ये त्याच मोनफाल्कोने कारखान्यात ‘ग्रँड प्रिन्सेस’ हे सुमारे १,०९,००० टनेजचे जहाज तयार झाले. प्रवाशांना आता आपल्या खोलीस सज्जा हवा होता व तो देणारी जहाजे बांधली जात होती. आठ वर्षांपूर्वीचे जहाज त्यांच्यापुढे जुने वाटू लागले.

२००२ मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ जर्मन प्रवाशांसाठी ‘आरोझा ब्लू’ झाले. २००३ मध्ये त्याची मालक कंपनी अमेरिकेच्या कार्निव्हल समूहात सामील झाली. २००४ मध्ये त्याच जर्मन बाजारासाठी ‘आयडाब्लू’ हे तिसरे नाव पडले. २००७ मध्ये ते ब्रिटिश पर्यटकांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’ म्हणून धावू लागले व २००९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युएल’ झाले. तेथे ते नऊ वर्षांहून अधिक काळ राहिले. प्रत्येक वेळी जेवणघरे, करमणुकीची दालने, पाट्या व रंग बदलले. सांगाडा मात्र तोच राहिला.

आणखी एक गोष्ट बदलली नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या व्यवस्थेनुसार प्रत्येक मोठ्या जहाजास सात अंकी क्रमांक दिला जातो. १९९६ पासून प्रवासी जहाजांसह ठरावीक आकारापुढील जहाजांना तो सक्तीचा आहे. नाव, मालक वा ध्वज बदलला तरी हा क्रमांक जन्मापासून मोडणीपर्यंत कायम राहतो. या जहाजाचा क्रमांक ८५२१२२० असा होता. ‘क्राउन प्रिन्सेस’ आणि ‘कर्णिका’ ही एकच होत, हे कागदोपत्री सिद्ध होते ते या क्रमांकामुळे.

मुंबई-गोवा मार्गावर

मुंबई-गोवा जलप्रवास हा जुन्या पिढीच्या जिव्हाळ्याचा विषय. ‘कोकण सेवक’सारख्या बोटींनी किनाऱ्यावरील गावे मुंबईस जोडली होती. रस्ते व गाड्या वाढल्या तशी ती वाहतूक बंद पडली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘आंग्रिया’ या जहाजाने तो मार्ग पुन्हा सुरू केला. पाठोपाठ २०१९ मध्ये एस्सेल समूहाच्या ‘जलेश क्रूझेस’ने ‘पॅसिफिक ज्युएल’ आणून त्यास ‘कर्णिका’ हे नाव दिले. कर्णिका म्हणजे कमळाच्या मध्यभागी असणारा बीजकोश. मुंबईहून गोवा, दीव तसेच दुबई अशा सहली त्यावर योजण्यात आल्या. जैन व शाकाहारी स्वयंपाक, भारतीय करमणूक अशा सोयी करून आपल्याकडील कुटुंबांना या प्रवासाची गोडी लावण्याचा तो प्रयत्न होता.

मात्र असे जहाज बंदरात स्वस्थ उभे राहिले तरी खर्च थांबत नाही. विजेची जनित्रे चालू ठेवण्यास इंधन लागते, बंदराचे आकार भरावे लागतात, विम्याचे हप्ते येतात आणि जहाज सुरक्षित ठेवण्यापुरते तरी कर्मचारी ठेवावेच लागतात. उत्पन्न मात्र प्रवासी असतील तरच. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले आणि जगातील पर्यटक जहाजे एकामागून एक थांबली. ‘कर्णिका’ मुंबईजवळ उभी राहिली. देणी साचत गेली व त्याच वर्षी कंपनीने आपला व्यवसाय बंद केला. धनकोंचे दावे मुंबई उच्च न्यायालयात गेले, जहाज अटकेत आले आणि न्यायालयाच्या आदेशाने त्याचा लिलाव झाला.

जहाजाला अटक

जहाजाला अटक होते, हे ऐकून नवल वाटेल. यामागे जुना सागरी न्याय आहे. जहाजाचा मालक एका देशात, त्याची नोंदणी दुसऱ्या देशात आणि खलाशी तिसऱ्या देशातले, अशी स्थिती नेहमीची. मालकास शोधीत जगभर हिंडणे गरीब धनकोस शक्य नसते. म्हणून दावा थेट जहाजाविरुद्ध लावता येतो. मालकाने पुरेशी हमी भरली तर जहाज सुटते; न भरल्यास न्यायालय ते विकते व येणाऱ्या रकमेतून देणी भागविली जातात.

भारतात हा विषय ब्रिटिश अमदानीतील १८४०, १८६१ व १८९० च्या कायद्यांवर चालत असे. त्यांच्या जागी २०१७ चा अॅडमिरल्टी कायदा आला व तो १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्राप्रमाणेच गोव्याचाही किनारा येतो.

या कायद्याच्या नवव्या कलमात काही दाव्यांना जहाजावरच अधिकार देण्यात आला आहे. त्यांत पहिले स्थान कप्तान, अधिकारी व खलाशी यांच्या वेतनाचे व त्यांना घरी पोहोचविण्याच्या खर्चाचे आहे. त्यानंतर मृत्यू वा शारीरिक इजा, जहाज वाचविणाऱ्यांचा मोबदला व बंदराची देणी असा क्रम लागतो. हे दावे बँकेच्या नोंदणीकृत गहाणाच्याही आधी येतात. विशेष म्हणजे मालक, नोंदणी वा ध्वज बदलला तरी हा अधिकार नष्ट होत नाही. तो जहाजास चिकटून राहतो. नाव पुसले म्हणून देणे पुसले जात नाही.

तथापि या अधिकारास मुदत आहे. इतर दाव्यांना तो एक वर्षाने संपतो; वेतनाच्या बाबतीत रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनी. त्या अवधीत जहाज अटकेत आले पाहिजे. न्यायालयाने जहाज विकले की ते खरेदीदाराकडे सर्व बोजांतून मुक्त होऊन जाते; मग दावा उरतो तो केवळ विक्रीच्या रकमेवर. म्हणून विलंब हा खलाशाचा शत्रू होय.

दुसरा आधार २००६ च्या सागरी कामगार कराराचा. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. २०१७ पासून त्यातील सुधारणांनुसार मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांसाठी आर्थिक हमी असणे आवश्यक आहे. घरी परतण्याचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचे थकलेले वेतन तिच्यातून मिळू शकते. दोन महिने वेतन न देणे हेही, मालकाने संबंध तोडल्याचे लक्षण म्हणून, वाऱ्यावर सोडण्यात मोडते. या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी ठिकाणी लावलेले असते.

यावरून कुटुंबीयांनी एवढे लक्षात ठेवावे. भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्र सरकारच्या नौवहन प्रशासनाचा परवाना आहे की नाही हे पाहावे. कराराची प्रत व वेतनाच्या पावत्या घरी जपून ठेवाव्यात. जहाजाच्या नावाबरोबर त्याचा सात अंकी क्रमांकही टिपून ठेवावा. उद्या नाव बदलले तरी त्या क्रमांकावरून जहाज शोधता येते.

अलंगचा किनारा

नोव्हेंबर २०२० मध्ये ‘कर्णिका’ भावनगर जिल्ह्यातील अलंगच्या किनाऱ्यावर चढविण्यात आली. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असते. उधाणाच्या भरतीस जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर नेतात. ओहोटीस पाणी मागे हटते व जहाज जमिनीवर राहते. १९८३ पासून तेथे हा उद्योग चालतो. पलंग, आरसे, ताटे, दिवे आसपासच्या दुकानांत विकले जातात व पोलाद पुन्हा कारखान्यांत जाते. या कामातील धोके ध्यानात घेऊन भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा स्वतंत्र कायदा केला. त्याविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून जगभर अमलात आला.

‘रीगल प्रिन्सेस’ या दुसऱ्या जहाजाचे दैव निराळे ठरले. तेही ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक डॉन’ या नावाने धावले होते. २०२० मध्ये विकले गेल्यावर तेही अलंगलाच जाणार होते. परंतु एका ब्रिटिश कंपनीने ते घेतले आणि २०२२ पासून ‘अँबियन्स’ या नावाने इंग्लंडच्या टिलबरी बंदरातून त्याच्या सहली सुरू झाल्या. एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावर बांधलेली ही दोन जहाजे. एकाचे पोलाद वितळले. दुसऱ्यावर नव्या नावाखाली खलाशांच्या पाळ्या सुरू झाल्या.