‘पोचर’ म्हणजे नेमके कोण?



‘पोचर’ हा इंग्रजी शब्द वाघाच्या बातमीत भेटतो, फुटबॉलच्या पानावर भेटतो आणि स्वयंपाकाच्या पुस्तकातही. त्याचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील ‘पिशवी’ या अर्थाच्या शब्दात मानतात. मंद उकळत्या पाण्यात अंडे फोडून सोडले की पांढरा भाग बलकाभोवती पिशवीसारखा जमतो. तसे अंडे शिजवण्याचे भांडे म्हणजे पोचर. दुसऱ्याच्या रानातला ससा पिशवीत घालून पळणाराही पोचरच!

फुटबॉलमध्ये मात्र हा शब्द कौतुकाचा आहे. गोलाजवळ टपून बसणारा, मिळालेली अर्धी संधीही न सोडणारा खेळाडू. पश्चिम जर्मनीच्या गेर्ड म्युलरने देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले, ते याच कौशल्यावर. एका कंपनीने दुसरीची माणसे जादा पगार देऊन ओढून नेली तर इंग्रजीत तेच क्रियापद वापरतात. मराठीत आपला ‘फोडणे’ आहेच.

आता शिकारीकडे येऊ. इंग्लंडमध्ये रानातली शिकार जमीनदारांचा हक्क होती. १७२३ च्या एका कायद्याने तर तोंडाला काळे फासून, शस्त्र घेऊन हरणांच्या रानात शिरणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. जमीनदाराने मारले तर खेळ, गरिबाने मारले तर चोरी. आपल्याकडे तरी काय निराळे होते? शिवपुरीचे आजचे माधव राष्ट्रीय उद्यान म्हणजे शिंदे घराण्याचे शिकारीचे रान. तिथे वाघ मारणाऱ्या पाहुण्यांना कोणी पोचर म्हटले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार सर्वांनाच बंद केली, आणि ते आवश्यकच होते. तरीही चोरट्या शिकारीमुळे सरिस्कात २००५ पर्यंत आणि आपल्या पन्नात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नाही. पुढे दोन्हीकडे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले.

पालकांनीही इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही मुले ‘पोचर’चे भाषांतर ‘पारधी’ असे करतात. पारध म्हणजे शिकार. पारधी हे एका समाजाचे नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यात पुढे पारधीही आले. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण लोकांच्या तोंडून तो शिक्का अजून गेलेला नाही. पारध्यांची मुलेही शाळेत शिकतात, आपल्या शेजारच्या बाकावरही असू शकतात.

मी हिंदी माध्यमात शिकलेला, मला ‘अवैध शिकारी’ आधी सुचते. मराठीत ‘चोरटा शिकारी’ लिहावे. उत्तरपत्रिकेत ‘पारधी’ लिहिल्यास गुण मिळणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.