विठ्ठलाचा काळा कोणता?

आषाढीच्या आधी आमच्या बचत गटाला विठ्ठलाच्या १२ तैलचित्रांची मागणी आली. हाती लागली ती काळ्या रंगाची नळी आणली, मूर्ती जाडसर रंगवली आणि चार दिवसांत वर तुळशीची माळ काढली. दिवाळीपर्यंत माळेला भेगा पडल्या. ५ चित्रे परत आली, पैसे परत करावे लागले. चूक आमचीच. काळा तो काळा, असे आम्ही धरून चाललो होतो.

तैलरंगात नेहमी मिळणारे काळे तीन.

पहिला आयव्हरी ब्लॅक. नाव हस्तिदंताचे, पण आज तो जनावरांच्या हाडांच्या कोळशाचा असतो. छटा किंचित तपकिरी. दुसऱ्या रंगात मिसळायला सोपा, पण वाळायला फार वेळ घेतो.

दुसरा लॅम्प ब्लॅक. हे आपले काजळच, म्हणजे तेल जाळून धरलेली काजळी. पांढऱ्यात घातला की निळसर राखाडी होतो. मुगाच्या दाण्याएवढाही पुरतो. त्याला तेल जास्त लागते आणि तोही सावकाश वाळतो.

तिसरा मार्स ब्लॅक. हा लोखंडाचा ऑक्साइड, कारखान्यात बनतो. खालचे चांगले झाकतो आणि तिघांत लवकर वाळतो.

मग भेगा का पडल्या? तैलरंग कपड्यासारखा वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. आमचा खालचा काळा आतून ओलाच होता. माळेच्या हिरव्यात अंबर हा मातीचा रंग होता, तो लवकर वाळतो. वरचा थर आधी कडक झाला, खालचा हलत राहिला, आणि वरचा तडकला. म्हणून आता खालच्या थराला आम्ही मार्स वापरतो. आयव्हरी आणि लॅम्प फक्त शेवटच्या हाताला, तेही पातळ.

आणखी एक. देवाच्या चित्राला हाडांचा रंग काहींना चालत नाही. आम्ही गिऱ्हाइकाला आधीच विचारतो. नळीवर बारीक अक्षरांत पीबीके आणि पुढे आकडा असतो. ९ म्हणजे हाडांचा, ६ किंवा ७ म्हणजे काजळीचा, ११ म्हणजे लोखंडाचा.

नवी नळी आणलीत की आधी पुठ्ठ्यावर एक पट्टा ओढा, शेजारी तारीख लिहा आणि रोज बोट लावून पाहा. आमचे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.