कोठडीची किल्ली ज्याच्या हाती, हिशेब त्याच्याकडे

गटाच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचे अर्ज आटोपले की बोलणं बातम्यांवर येतं. परभणीची बातमी निघाली की हमखास दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, "दगड मारणाऱ्यांना पोलिसांनी काय ओवाळायचं?" दुसरीचं म्हणणं, "दगडफेक झाली म्हणून कुणाचं पोरगं जिवानिशी जायचं का?" दोघींचं बोलणं ऐकण्यासारखं आहे, पण दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. आज ते प्रश्न एकेक करून सुटे करूया.

आधी काय घडलं ते बघू. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. लोक संतापले. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. त्यात दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. मग धरपकड झाली. पोलिसांनी वस्तीत शिरून बायाबापड्यांनाही मारलं, असे आरोप झाले. पकडलेल्यांमध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण होता. त्याला आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी मिळाली आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण आलं. सरकारने विधिमंडळात सांगितलं, की त्याला श्वसनाचा आजार होता आणि मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर त्याने पोलिसांविरुद्ध तक्रार केली नव्हती.

त्याची आई गप्प बसली नाही. ती हायकोर्टात गेली. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवून तपास करण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, पण ३० जुलैला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशात हात घालायला नकार दिला. दोषी कोण, हे पुढे न्यायालय ठरवेल. पण चौकशी व्हायलाच हवी, एवढं त्या माउलीने मिळवलं.

आता पहिला प्रश्न, तोडफोडीचा. शांतपणे, हत्याराशिवाय जमण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे. एसटी जाळण्याचा दिलेला नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीसाठी १९८४ चा वेगळा कायदा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि आग लावली असेल तर एक ते दहा वर्षं. जळालेल्या एसटीचा भुर्दंड कुणाला पडतो? शाळेला जाणाऱ्या पोरींना, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाईला. आणखी एक गोष्ट मोर्चाला जाणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. जमाव बेकायदा ठरला आणि आपण त्याच्या उद्देशात सामील आहोत असं दिसलं, तर स्वतः दगड न मारताही गुन्हा अंगावर येऊ शकतो. म्हणून पहिला दगड पडला की तिथून निघायचं, बघत उभं राहायचं नाही.

दुसरा प्रश्न, पोलिसांच्या बळाचा. बंदोबस्तावरच्या शिपायालाही दगड लागतो, त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. हिंसक जमाव पांगवायला गरजेपुरतं बळ वापरण्याची मुभा कायदा देतो. पण माणूस हाती लागला, गाडीत बसला, की बळाचं कारण संपलं. तो पळून जाऊ नये एवढाच बंदोबस्त करता येतो. गुन्ह्याची शिक्षा देणं हे न्यायाधीशाचं काम, ठाण्यातल्या पट्ट्याचं नाही.

तिसरा प्रश्न कोठडीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या गटाची पेटी एकीकडे असते, किल्ली दुसरीकडे. पैसे कमी भरले तर आपण बाकीच्या सभासदांना "तुम्हीच सिद्ध करा" म्हणतो का? ज्यांच्या ताब्यात पेटी आणि किल्ली, त्यांना हिशेब मांडावा लागतो. कोठडीतल्या माणसाचंही तसंच. त्याला दवाखान्यात स्वतःहून जाता येत नाही, घरी फोन करता येत नाही, दार उघडून बाहेर येता येत नाही. आत काय झालं ते पाहणारे बहुतेक वेळा पोलीसच असतात. म्हणून जाब देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. आतला माणूस चोर असो, दंगलखोर असो की निर्दोष, त्याने या हिशेबात एका पैशाचाही फरक पडत नाही.

मग कुणी म्हणेल, "मॅजिस्ट्रेटने विचारलं होतं ना?" हा प्रश्न विचारण्याची पद्धत कुठून आली, ते ऐका. शीला बर्से नावाच्या पत्रकार मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं त्यातल्या काहींनी सांगितलं. बर्से यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि १९८३ साली त्यावर निकाल आला. महिलांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशीच्या वेळीही महिला पोलीस हजर, आणि पोलिसांनी छळ केला का हे मॅजिस्ट्रेटने विचारायचं, असं त्यात ठरलं. प्रश्न चांगलाच आहे. पण ज्या पोलिसांबरोबर पुन्हा त्याच कोठडीत जायचं, त्यांच्यासमोर "हो" म्हणायला किती धीर लागेल? नवऱ्याच्या देखत "घरात मारतात का?" असं विचारलं तर आपल्यातली किती जणी खरं सांगतील? म्हणून "तक्रार नाही" या एका उत्तरावर फाइल बंद होत नाही. अंगावरच्या खुणा, डॉक्टरांचा कागद, ठाण्यातला कॅमेरा, सगळं बघावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे बसवायला आणि चित्रण निदान एक वर्ष जपून ठेवायला सांगितलं, ते याचसाठी. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी कायद्यानेच बंधनकारक आहे.

आपल्या घरातल्या, गल्लीतल्या कुणाला नेलं तर काय बघायचं? डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल आणि जुलै २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता मिळून हे नियम आहेत.

एक, पकडणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा कागद करायचा, त्यावर तारीख-वेळ आणि घरच्याची किंवा गावातल्या एका माणसाची सही हवी.

दोन, का पकडलं आणि कुठे ठेवलं, हे नातेवाइकाला कळवलंच पाहिजे.

तीन, डॉक्टरी तपासणी करायची आणि तिची प्रत पकडलेल्या माणसाला मिळते. ती मागा. आधीच्या जखमा लिहून ठेवल्या की पोलिसांवरही खोटा आळ येत नाही. कोठडी लांबली तर दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी.

चार, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं.

पाच, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करत नाहीत. अगदीच अपवाद असेल तर मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी आणि महिला अधिकारी हवी. नुसती साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर पोलिसांनी तिच्या घरी यायचं, तिला ठाण्यात बोलवायचं नाही.

सहा, वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. बाई असो की कोठडीतला माणूस, दोघांनाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन नंबर १५१००.

छळ झाला असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, बिनखर्चाने तक्रार करता येते. घटनेपासून वर्षाच्या आत करावी.

हे नियम गटाच्या इतिवृत्त वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. रात्री दारात गाडी उभी राहते तेव्हा माणूस गांगरतो, वही गांगरत नाही. आणि बैठकीत वाद झाला तर खुशाल होऊ द्या. फक्त आपण दगडाबद्दल बोलतोय, लाठीबद्दल की कोठडीबद्दल, हे आधी एकमेकींना विचारून घ्या.