परदेशची कमाई आणि घरातला पाळणा

नवरा दुबईला, बायको गावी. मग घरात मुले कमीच होणार, असे आपण सहज म्हणतो. रत्नागिरीकडच्या खेड्यांतून आखातात गेलेल्यांची घरे पाहिली की ते पटतेही. पण गोष्ट इतकी सरळ नाही. मोरोक्को आणि इजिप्त हे दोन देश पाहा. दोन्ही उत्तर आफ्रिकेतले, दोन्हींकडे मुसलमान वस्ती, शेतीवर पोट असलेली कुटुंबेही पुष्कळ.

मोरोक्कोची माणसे १९६० नंतर फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडला खाणींत आणि कारखान्यांत कामाला गेली. १९७३-७४ साली युरोपने नवी भरती थांबवली, तेव्हा अनेकांनी बायकामुलांनाही तिकडेच नेले. मुली तिकडच्या शाळेत बसल्या. उन्हाळ्यात ही मंडळी गावी येत, तेव्हा तिकडची राहणी माजघरापर्यंत पोचे.

इजिप्तचे लोक १९७३ मध्ये तेलाचे भाव चढल्यावर सौदी अरेबिया, कुवेतकडे वळले, बहुतेक एकटेच. त्या मुलखात तेव्हा घरोघरी मुले भरपूर आणि बाईने नोकरी करणे विरळा.

पैसा दोन्हीकडे आला. १९८० च्या सुमारास दोन्ही देशांत दर बाईमागे सरासरी पाचाहून अधिक मुले होती. २००४ च्या सुमारास मोरोक्कोत हा आकडा २.५ वर आला. इजिप्तमध्ये २००८ साली तो ३ होता आणि २०१४ साली उलट ३.५ वर चढला!

फिलिप फार्ग या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने २००६ मध्ये असे मांडले, की माणूस जिथे कमावतो तिथली कुटुंबाची कल्पनाही तो घरी धाडतो. मला हे पटते. सोयाबीनच्या नव्या वाणावर मी चावडीवर तासभर बोलावे आणि लोकांनी जांभया द्याव्यात. पण कोणाचा मेहुणा आपल्या शेतातल्या शेंगा घेऊन आला, की संध्याकाळपर्यंत बियाण्याची चौकशी सुरू.

अर्थात सगळे श्रेय परदेशाला देता येणार नाही. मोरोक्कोत मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली, गर्भनिरोधक गोळ्या खेड्यापर्यंत गेल्या. इजिप्तचा आकडाही पुढे उतरला, २०२१ साली तो २.८५ होता. मोरोक्कोत २०२४ च्या जनगणनेत तो १.९७ निघाला. ज्या घरांत आजीने सात बाळंतपणे काढली, तिथे नात दोनांवर थांबते आहे.