सोडायचं की थोडं खायचं?

कुळगी-जोयडा भागात कर्बोदकं कमी करायची म्हटली की अडचण ताटापासूनच सुरू होते. मुख्य अन्न भात, जोडीला जोयड्याचे कुणबी पिकवतात ते मुडलीसारखे कंद. शिवाय धारवाडचा पेढा आणि बेळगावचा कुंदा पाहुण्यांबरोबर घरी येतातच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. कमी कर्बोदकांच्या आहारात दिवसाची मर्यादा बहुधा १३० ग्रॅमच्या आत धरतात.

मग खायची ओढ आवरायची कशी? ग्रेचेन रुबिन या अमेरिकन लेखिकेने 'बेटर दॅन बिफोर' (२०१५) या पुस्तकात माणसांचे दोन स्वभाव मांडले: पूर्ण वर्ज्य केलं तरच निभावणारे आणि थोडं मिळालं की समाधान होणारे. स्वतःला तपासायला ही मांडणी फार उपयोगी आहे. पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून पुडा परत बांधता येतो? मग माफक खा. पुडा संपेपर्यंत हात थांबत नाही? मग तो घरात आणूच नका. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणाऱ्यांना पूर्ण वर्ज्य करणं जमतं, कारण रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

भात मात्र सरसकट सोडायची गरज नाही. आधी भाजी, उसळ किंवा मासे खा, शेवटी मोजून एक वाटी भात. रक्तातली साखर त्यामुळे हळू चढते.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करू नका. आणि ही औषधं चालू असताना साखर उतरून घाम, थरथर, चक्कर आली, तर सगळे नियम बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या.