पाव इंच

लोखंड जाड आहे की पातळ, हे आजोबा डोळ्यांनी बघतच नाहीत. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडतात, पत्र्यावर टकटक करतात आणि मान किंचित तिरकी करून ऐकतात. पातळ पत्रा खणकन वाजतो. जाड लोखंडातून 'ठप्' एवढाच आवाज येतो आणि तिथेच विरतो. तो आला की त्यांचा चेहरा खुलतो. "पाव इंच," ते म्हणतात.

टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राउंड रॉकला माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या शेजारचे हे गृहस्थ. सगळं आयुष्य वेल्डिंगमध्ये गेलं, आता निवृत्त आहेत. दादाची मुलं त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

दादाकडे जायचं तसं घाटतच होतं, पण मी निघाले ती त्याच्या एका वाक्यामुळे. फोनवर म्हणाला, "दोन वर्षं झाली, परसातली शेगडी बदलायची की नाही ते ठरत नाहीये." याच माणसानं राहतं घर आठवड्याभरात पसंत केलं होतं. मग शेगडीत एवढं काय अडलं, ते मला जवळून बघायचं होतं.

दादाची शेगडी म्हणजे काळ्या मुलाम्याची, तीन पायांची, बावीस इंच व्यासाची वेबर केटल. अमेरिकेत घरोघरी दिसते ती. तिचा जन्मही शेगडी बदलण्याच्या खटपटीतूनच झाला. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ कामाला होते. त्यांच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत. त्या काळच्या उघड्या शेगड्यांचं वारा आणि पाऊस यांच्यापुढे काही चालत नसे. 1952 साली स्टीफननी बोयाचा अर्धा गोल घेतला, त्याला पाय लावले, दुसऱ्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं पाडली. खरा फरक झाकणानं पडला. झाकण आलं आणि निखाऱ्यावर नुसतं भाजण्याऐवजी शिजवताही येऊ लागलं.

दादा त्या झाकणाचा उपयोग फार मन लावून करतो. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा असेल, तर आदल्या रात्री तो केटलच्या आतल्या कडेनं कोळशाच्या विटा मांडत जातो. दोन खाली, दोन वर, पाऊण वर्तुळ होईपर्यंत. वर मधूनमधून ओकच्या लाकडाचे तुकडे. फक्त एका टोकाला पेटते निखारे ठेवायचे. आग त्या रांगेतून पुढे सरकत राहते, मांस मधोमध असतं, आणि खालचं हवेचं भोक किती उघडं ठेवायचं यावर सगळं अवलंबून. वरचं भोक तो सहसा उघडंच ठेवतो. त्याला आत 225 अंश फॅरनहाइट हवे असतात, म्हणजे आपले साधारण 107. एकदा ते जमलं की झाकण उघडायचं नाही. घरात कोणी "झालं का?" असं विचारलेलंही त्याला चालत नाही.

एका टप्प्यावर मांसाचं तापमान वाढायचंच थांबतं. आत 65 ते 75 सेल्सियसच्या दरम्यान काटा तासन्‌तास हलत नाही. नवखा माणूस घाबरून कोळसा वाढवतो. आगीत काही बिघडलेलं नसतं. मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि घाम जसा अंगाला गार करतो तसं ते मांसाला गार ठेवतं. पाणी आटलं की काटा पुन्हा चढतो. कडक तंतू विरघळून मांस लुसलुशीत व्हायला तो जवळजवळ 95 पर्यंत जावा लागतो. दादा या टप्प्याला 'वाट बघायची वेळ' म्हणतो आणि खुर्ची टाकून बसतो. कोल्हापुरात मावशी मटणाच्या पातेल्यापाशी अशीच बसायची. कोणी घाई केली तर ऐकायची नाही.

आता त्याची तक्रार. त्यानं एक वही ठेवली आहे. तारीख, वारा, विटा किती लागल्या, किती वाजता काय झालं, सगळं त्यात आहे. ती वही मी चाळली. त्याच त्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा लिहिलेल्या दिसतात: राखेनं खालची भोकं बुजली, जाळीवर गंज, जागा पुरली नाही. यातली पहिली दोन दुखणी शेगडी बदलण्याची नव्हेतच, असं आजोबांचं म्हणणं. राख सारणारी पाती बदलून मिळतात, जाळी नवी मिळते, दोन्हीला मिळून एका जेवणाचे पैसेही पडत नाहीत. तिसरी अडचण मात्र खरी आहे. मित्रमंडळींची तीस-चाळीस माणसं जमली की कोंबड्या, बकऱ्याची मांडी आणि कणसं एकाच वेळी बावीस इंचांत मावत नाहीत. वांगी तर भरितासाठी थेट निखाऱ्यात जातात, म्हणून ती तेवढी सुटतात.

दादाच्या मनात जी आहे ती ऑफसेट. लांब आडवं नळकांडं, त्याच्या एका बाजूला खाली आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला धुरांडं. आग एकीकडे, मांस दुसरीकडे, मधून धूर आणि गरम हवा वाहत जाते. मध्य टेक्सासचं बार्बेक्यू यावरच उभं आहे. आम्ही तिघं एका मोठ्या दुकानात ती बघायला गेलो. चकचकीत काळा रंग, चाकं, बाजूला फळी, किंमत दोन-तीनशे डॉलर. आजोबांनी बोट दुमडून टकटक केलं. खणकन आवाज आला. ते पुढच्या शेगडीकडे गेले, पुन्हा खणकन. दारांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. "इथून धूर जाईल, इथून ऊब जाईल," ते म्हणाले. "हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की रात्रभर लाकडंच घालत बसाल. पाव इंचाच्या खाली घेऊ नका." पाव इंच लोखंडाची ऑफसेट हवी तर किंमत हजारांच्या घरात जाते, वजन शेकडो पौंड भरतं आणि खाली काँक्रीटचा ओटा लागतो. परतताना गाडीत दादानं "पाव इंच" हे दोन शब्द तीनदा तरी उच्चारले.

त्याच दुकानात पेलेटच्या शेगड्याही होत्या. 1980च्या दशकात ओरेगनमधल्या ट्रेगर कुटुंबानं हा प्रकार आणला. भुश्शाच्या दाबलेल्या गोळ्या एका स्क्रूनं आत सरकतात, विजेचा पंखा हवा देतो, तापमान बटणावर ठरतं. दोन पाळ्यांत राबणाऱ्या घराला ही सोय मोठी आहे, हे मी मानते. पण दादाला ती नको, आणि त्याचं का पटतं हे मला लॉकहार्टला गेल्यावर नीट कळलं.

लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. टेक्सासच्या विधिमंडळानं या छोट्या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं आहे. इथे 1900 मध्ये चार्ल्स क्रॉइट्स यांनी मांसाचं दुकान काढलं. फ्रिज नसलेल्या काळात उरलेलं मांस धुरावर भाजून विकायचं, त्यातून हे खाणं रुजलं. 1948 मध्ये एडगर श्मिट यांनी दुकान विकत घेतलं. त्यांना सगळे 'स्मिटी' म्हणत. पुढे घरातल्या वाटणीत दुकानाचं नाव आणि धंदा मुलाकडे राहिला आणि जुनी इमारत मुलीकडे गेली. वाटण्या कशा होतात, हे आपल्याला सांगायला नको. 1999 मध्ये त्या मुलानं, रिक श्मिट यांनी, त्याच गावात मोठी नवी इमारत बांधली, नवे विटांचे पिट, म्हणजे मांस भाजायच्या भट्ट्या, बांधले. आणि जुन्या चुलीतले जळते निखारे एका टबात भरून रस्त्यावरून ओढत नव्या जागी नेले. त्या निखाऱ्यांनीच नवी चूल पेटली.

जुन्या इमारतीत आता बहिणीचं 'स्मिटीज मार्केट' आहे. मागच्या दारानं आत शिरलात की पायाशीच, जमिनीलगत, उघडा जाळ दिसतो. मध्ये काही आडोसा नाही. विटांच्या भिंती काळ्याकुळकुळीत. रांगेत उभं राहिलं की एका बाजूचा गाल तापतो. सॉसेजचा कागद हातात घेऊन मी पुन्हा त्या जाळापाशी आले, आणि निघताना आणखी एकदा. एक मुलगा लांब ओंडका पायानं थोडासा आत सरकवत होता. काटा नाही, बटण नाही. दादा त्या मुलाकडे बघत होता, मी दादाकडे. दोन वर्षं वहीत आकडे भरणारा माणूस असा का खोळंबला आहे, ते मला तिथे दिसलं. मोठी शेगडी म्हणजे मोठी जागा, एवढाच हा प्रश्न नव्हता. आगीपाशी बसायचं कबूल करायचं होतं.

आजोबांनी त्याची सोय केली. त्यांचा पिट जुन्या प्रोपेनच्या टाकीचा, स्वतःच्या हातानं जोडलेला. टाकी पाण्यानं भरून मगच कापली, हे ते प्रत्येकाला सांगतात, कारण आत राहिलेल्या गॅसनं माणसं गेलेली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये जेवण होतं आणि रात्री ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, चढवायचं होतं. "तुमची मांडी आणि खांदा घेऊन या," ते दादाला म्हणाले. "आग तुम्ही सांभाळा."

केटलमध्ये रांग मांडून झोपता येतं. ऑफसेटमध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाला एक ओंडका घालावा लागतो, पहाटेपर्यंत. दुकानातल्या पाटीवर हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पोस्ट ओकचं लाकूड आजोबा पेटीच्या डोक्यावर ठेवून आधी तापवतात, म्हणजे आत टाकल्यावर ते चटकन पेट घेतं. तापत असताना त्या लाकडाला एक आंबूस गोड वास येतो, धुराच्या आधीचा. तो वास आला की ओंडका घालायला तयार झाला. दादाला हे कोणी सांगितलं नाही. मध्यरात्रीनंतर तो आपोआप नाकानं ओळखू लागला.

पहाटे तीनच्या सुमारास त्यानं एक जाड ओंडका घातला आणि धुरांड्यातून दाट पांढरा धूर यायला लागला. लाकूड नीट न जळता धुमसतं तेव्हा असं होतं, आणि तो कडवटपणा मांसात उतरतो. आजोबा खुर्चीत बसून बघत होते. बोलले नाहीत. दादानं काट्याकडे पाहिलं, मग धुराकडे, मग पेटीचं दार दोन बोटं उघडलं. जाळ उभा राहिला. धूर पातळ झाला, निळसर झाला, मग जवळजवळ दिसेनासा झाला. आजोबांनी उठून पिटवर बोटानं एकदा टकटक केलं आणि आत झोपायला गेले. माझ्या मते दादाची परीक्षा तिथेच झाली, आणि त्यात तो उत्तीर्ण झाला.

बकऱ्याची मांडी कांदा-लसूण मसाला लावून चढवली होती. तिच्यात चरबी कमी, म्हणून ती लवकर कागदात गुंडाळली. सकाळी वहिनींनी एक तुकडा तोडला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वहिनी रायगडच्या. पोपटीच्या हंगामात शेतात मडकं लावायचं, वालाच्या शेंगा आणि कोंबडी आत, भांबुर्ड्याचा पाला वर-खाली, मडकं उपडं करून भोवती जाळ. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा आणि चर्रकन आवाज ऐकायचा, एवढंच साधन. त्यामुळे आजोबांची टकटक या घरात सगळ्यांत आधी त्यांना कळली. शेगडीला त्यांचा विरोध कधीच नव्हता. "लोखंड पाव इंच असेल हो," त्या दादाला म्हणाल्या, "पण तुम्ही महिन्यातून एक रात्र जागणार का, ते सांगा. नाहीतर अंगणात पावसात गंजत पडेल, आणि मला रोज बघावं लागेल."

मला विचाराल तर त्यानं घ्यावी. त्या रात्री त्याचा चेहरा मी पाहिला आहे. पण वहिनींचा प्रश्न माझ्या मतापेक्षा मोठा आहे, हेही खरं. आणि दादानं जे केलं ते मला मनापासून आवडलं. त्यानं शेगडीच्या आधी लाकूड मागवलं.

ताजं तोडलेलं ओक लगेच जाळता येत नाही. चिरून, हवा लागेल असं रचून, कित्येक महिने वाळवावं लागतं. ओलं लाकूड तोच पांढरा धूर काढतं. केटलला नवी जाळी आणि राखेची पाती बसवून झाली. लाकूडवाला ट्रक रिकामा करून गेला, आणि आजोबा, दादा, दोन्ही मुलं ओंडके रचायला लागली. वहिनी दारातून म्हणाल्या, "भिंतीला टेकवू नका, वाळवी लागेल." थर हातभर पुढे सरकवले. लाकूड वाळेपर्यंत दर महिन्याला एक रात्र दादानं आजोबांच्या पिटवर बसायचं, आणि त्यातली एकही चुकली नाही तरच वेल्डरकडे माप द्यायचं, असं ठरलं. वहीत त्यानं नवं पान उघडलं आहे. वर पहिली तारीख पडली आहे.