अतिसक्षम मोटार-इंजिनासाठी बदली स्पार्क प्लगची निवड : उष्णता-श्रेणीचा विचार

प्रस्तावना : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन रणगाडा पाहावयास मिळतो. १९६५ च्या युद्धात भारतीय सैन्याने तो वापरला. त्याचे १२ सिलिंडरचे, २७ लिटर क्षमतेचे मीटिऑर पेट्रोल इंजिन हे मर्लिन या विमान-इंजिनाचेच रूप होय. विमानातील सुपरचार्जर काढल्यामुळे हजाराहून अधिक अश्वशक्तीचे हे इंजिन सुमारे ६५० अश्वशक्तीवर आले. घडण तीच, परंतु आत कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब बदलला की ज्वलनकक्षातील उष्णताही बदलते. टर्बोचा दाब वाढविलेल्या मोटारीत याच्या उलट घडते. प्लगची निवड या उष्णतेशी कशी निगडित आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

उष्णता-श्रेणी : प्लगच्या टोकाचे तापमान साधारणतः ५०० ते ८५० अंश सेल्सिअस या मर्यादेत राहणे आवश्यक असते. त्याखाली काजळी जळून जात नाही आणि ठिणगी क्षीण होते. त्यावर गेल्यास तापलेले टोकच ठिणगीपूर्वी मिश्रण पेटविते व पिस्टन वितळण्याचा धोका उद्भवतो. विसंवाहकाचे आतील टोक आखूड असेल तर उष्णता त्वरेने बाहेर जाते. तो ‘थंड’ प्लग. टोक लांब असेल तर तो ‘गरम’ प्लग. ठिणगीच्या तीव्रतेशी या संज्ञांचा संबंध नाही.

निवडीचे निकष : इंजिनात फेरबदल केले नसतील तर वाहन-उत्पादकाने सांगितलेली श्रेणीच घ्यावी. शक्ती लक्षणीय वाढविली असेल तर एक पायरी थंड प्लग विचारात घ्यावा. येथे आकड्यांची फसगत संभवते : एनजीके कंपनीचा मोठा आकडा थंड प्लग दर्शवितो, तर बॉशचा मोठा आकडा गरम प्लग. दाब वाढल्यास ठिणगीला अधिक विद्युतदाब लागतो. म्हणून गॅप किंचित कमी ठेवतात. आट्यांची लांबी मूळ प्लगइतकीच हवी. लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो. इरिडियमचा वितलनबिंदू सुमारे २४५० अंश असल्याने त्याचे टोक बारीक ठेवता येते व प्लग दीर्घकाळ टिकतो. तथापि महाग धातूमुळे उष्णता-श्रेणी बदलत नाही.

समारोप : थंड प्लग शक्ती वाढवीत नाही, वाढलेल्या शक्तीपासून इंजिनाचे रक्षण करतो. सावेडी ते माळीवाडा एवढ्याच अंतरात रोज धावणाऱ्या मोटारीत तो काजळी धरील. नवे प्लग काही काळ चालविल्यावर काढून पाहावेत. फिकट तपकिरी टोक योग्य निवड सुचविते. कोरडी काळी काजळी अतिथंड प्लग किंवा अधिक इंधन, तर पांढरे, फोड आलेले टोक अतिउष्णता दर्शविते. सारांश, प्लगची निवड किमतीवरून नव्हे, तर इंजिनात निर्माण होणारी उष्णता व वाहनाचा प्रत्यक्ष वापर यांवरून करणे हेच शास्त्रीय होय.